प्युरोमायसिन आणि १२डी१० अँटिबॉडी: ‘किती’साठी खुशाल घ्या, ‘कुठे’साठी जपून

न्यूरॉनच्या फांद्यांत (संदेश घेणारे डेंड्राइट, पुढे पाठवणारे अ‍ॅक्सॉन) जागच्या जागी प्रथिनं बनतात, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. १९८२ मध्ये स्टीवर्ड आणि लेव्ही यांनी डेंड्राइटवरच्या काट्यांच्या (सिनॅप्स जिथे जुळतात त्या बारीक उंचवट्यांच्या) बुडाशी रायबोसोमचे पुंजके दाखवले. १९९६ मध्ये कांग आणि शुमन यांनी हिप्पोकॅम्पसच्या कापांत पेशीकायेपासून (केंद्रक असलेल्या मुख्य भागापासून) तोडलेल्या भागातही बीडीएनएफ या वाढ-घटकाचा परिणाम प्रथिननिर्मितीवर अवलंबून असतो हे दाखवलं. वाद आहे तो ‘किती’ बनतात आणि ‘कुठे’ बनतात हे मोजायचं कशानं, यावर. सध्या बहुतेक लॅब ज्या जोडीकडे वळतात ती म्हणजे प्युरोमायसिन हे प्रतिजैविक आणि ते ओळखणारी १२डी१० ही अँटिबॉडी. प्युरोमायसिन स्वस्त, अँटिबॉडी महाग, आणि पद्धत दिसायला एकदम सोपी.

प्युरोमायसिन टीआरएनएच्या (अमिनो आम्ल आणून देणाऱ्या रेणूच्या) टोकाची नक्कल करून रायबोसोमच्या ए-साइटमध्ये, म्हणजे नवं अमिनो आम्ल येतं त्या जागेत शिरतं. अर्धवट बनलेली साखळी त्याला जोडली जाते, पुढे वाढू शकत नाही आणि सुटते. तिच्या शेपटाला लागलेलं प्युरोमायसिन मग अँटिबॉडी पकडते. २००९ मध्ये ‘सनसेट’ या नावानं हे रूढ झालं. किरणोत्सारी मेथिओनिनची कटकट त्यानं संपवली, हे श्रेय द्यायलाच हवं.

स्टॉक पाण्यात १० मिग्रॅ/मिली करा, म्हणजे सुमारे १८ मिलिमोलर. अलिकॉट (छोटे वाटे) उणे २० अंशांवर. न्यूरॉनसाठी १ ते २ मायक्रोमोलर पुरतं. तिथपर्यंत एका दमात नऊ ते अठरा हजार पट पातळ करू नका, आधी शंभरपट करून घ्या, नाहीतर पिपेटची चूकच आकड्यात उतरते. वेळ ५ ते १० मिनिटं. मग कोमट बफरचे दोन झटपट वॉश आणि लगेच ४ टक्के पीएफए (पेशी जागच्या जागी पक्क्या करणारं पॅराफॉर्मल्डिहाइड), त्यात ४ टक्के सुक्रोज. वॉश थंड बफरनं दिले तर डेंड्राइट मण्यांच्या माळेसारखे फुगतात आणि पुढचं मोजमाप वाया जातं.

कंट्रोलमध्ये एक चूक वारंवार दिसते. सायक्लोहेक्झिमाइडनं प्रथिननिर्मिती थांबते, म्हणून तोच निगेटिव्ह कंट्रोल धरतात. पण तो रायबोसोमला एमआरएनएवर थोपवून धरतो. प्युरोमायसिनला शिरायला जागा राहतेच, आणि सिग्नल येत राहतो. कंट्रोल हवा तो अ‍ॅनिसोमायसिनचा: ४० मायक्रोमोलर, प्युरोमायसिनच्या २० ते ३० मिनिटं आधी. ते त्याच जागेसाठी स्पर्धा करतं. शिवाय प्युरोमायसिन न दिलेली एक डिश ठेवाच, कारण बॅकग्राउंड किती ते फक्त तीच सांगते.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. जीन नॉकडाउनसाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच लेन्टीव्हायरस वेक्टरमध्ये, म्हणजे पेशीत जीन पोचवणाऱ्या वाहकांमध्ये (पीएलकेओ.१-प्युरो हा त्यातला नेहमीचा) प्युरोमायसिन-रोधक जीन असतो. त्याचं एन्झाइम प्युरोमायसिनला अ‍ॅसिटिल गट जोडून निकामी करतं. म्हणजे सिग्नल घटतो तो नॉकडाउनमुळे नव्हे, वेक्टरमुळे. ‘अमुक जीन घालवला की डेंड्राइटमधली प्रथिननिर्मिती कोसळते’ असा निकाल हाती आला, तर आधी प्लाझमिडचा नकाशा उघडा. कंट्रोल वेक्टरवरही तोच जीन असेल तर दोन्हीकडे सिग्नल दबलेला असतो. फरक पडतो तो संसर्गाच्या प्रमाणामुळे.

आता मुख्य तक्रार. २०२० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की प्युरोमायसिन लागलेली साखळी रायबोसोमवरून सुटून दूर जाते, आणि साखळीची वाढ रोखणारं इमेटीन किंवा सायक्लोहेक्झिमाइड देऊनही तिला जागेवर धरता येत नाही. म्हणजे दहा मिनिटांनंतर डेंड्राइटमध्ये दिसलेला ठिपका तिथेच बनला की पेशीकायेतून आला, हे चित्रावरून सांगता येत नाही. अँटिबॉडी नीट काम करतेय. तिला विचारलेला प्रश्न तिच्या आवाक्याबाहेरचा आहे.

म्हणून ‘कुठे’ विचारायचं असेल तर खर्च अँटिबॉडीवर वाढवण्यापेक्षा पेशीकाया आणि फांद्या वेगळ्या ठेवणाऱ्या भिंतीवर करा. दोन कप्प्यांच्या मायक्रोफ्लुइडिक चेंबरमध्ये ४५० मायक्रॉन लांब चरांतून पलीकडे मुख्यतः अ‍ॅक्सॉनच पोचतात. डेंड्राइट हवेत तर १५० मायक्रॉन किंवा त्याहून आखूड चर घ्या. औषध एकाच बाजूला राहावं म्हणून दुसऱ्या बाजूला सुमारे ५० मायक्रोलिटर माध्यम जास्त ठेवा. प्रवाह औषधाच्या कप्प्याकडे राहतो, उलटा गळत नाही. हे खरंच जमलंय का ते आधी एखाद्या रंगीत डायनं पाहून घ्या. वेस्टर्न ब्लॉटपुरता माल हवा असेल तर ३ मायक्रॉन छिद्रांचं फिल्टर पुरतं: पेशीकाया वर, फांद्या खाली. खालच्या भागात हिस्टोन एच३ (केंद्रकातलं प्रथिन) दिसला तर केंद्रक गळालेत, तो नमुना टाकून द्या. जीएफएपी दिसला तर ग्लियाच्या (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशींच्या) फांद्याही आल्यात.

आणखी एक मर्यादा समजून घेतल्याशिवाय आकडे वाचू नयेत. ग्लुटामेटचे गट-१ रिसेप्टर चेतवले की एकीकडे एमटीओआर या एन्झाइममार्गे ४ई-बीपी या रोधक प्रथिनाला फॉस्फेट लागतो, त्यानं धरून ठेवलेला ईआयएफ४ई मोकळा होतो आणि नव्या साखळ्या सुरू होतात. दुसरीकडे साखळी वाढवणाऱ्या ईईएफ२ला फॉस्फेट लागून साखळी वाढण्याचा वेग मंदावतो. त्याच वेळी आर्कसारख्या मोजक्या प्रथिनांचं उत्पादन मात्र वाढतं. त्यामुळे एकूण प्युरोमायसिन सिग्नल जैसे थे, किंवा उतरलेला, आणि तरी सिनॅप्सला हवं ते प्रथिन तयार होतंय, असं घडू शकतं. सरसकट स्टेनिंग इथे काहीच बोलत नाही.

अशा वेळी उपयोगी ती प्युरो-पीएलए ही पद्धत, कारण ती एकाच प्रथिनाच्या नव्या साखळ्या दाखवते. यात १२डी१० सोबत तुमच्या प्रथिनाची अँटिबॉडी वापरतात आणि दोन्ही ४० नॅनोमीटरच्या आत असतील तरच ठिपका उमटतो. १२डी१० उंदराची, म्हणून जोडीदार सशाची घ्या. तो जोडीदार प्रथिनाच्या एन-टोकाला (जे आधी बनतं) ओळखणारा हवा. साखळी मध्येच तुटलेली असल्यानं सी-टोकाची (शेवटी बनणाऱ्या टोकाची) अँटिबॉडी जवळजवळ पूर्ण झालेल्या साखळ्याच पकडते, आणि ‘काही बनतच नाही’ असं वाटतं. उंदराच्या मेंदूच्या कापांवर आतल्याच आयजीजीचा (उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींचा) गोंधळ होतो, तेव्हा पहिले प्रयोग उंदीर सोडून रॅटच्या १८ दिवसांच्या गर्भाच्या कल्चरवर केलेले बरे.

पर्याय म्हणून एएचए आहे, म्हणजे मेथिओनिनच्या जागी प्रथिनात बसणारं अमिनो आम्ल. त्यात पूर्ण प्रथिनांना खूण लागते, साखळी तुटत नाही. पण आधी अर्धा तास मेथिओनिनशिवाय माध्यम आणि मग साधारण तासभर लेबलिंग लागतं. तेवढ्या वेळात प्रथिन आपसूक चालत दूर जातं, त्यामुळे ‘कुठे’चा प्रश्न तिथेही सुटत नाही.

अँटिबॉडी घेताना मोठी बाटली एकदम मागवू नका. आधी लहान पॅकवर १:१००० पासून पायऱ्या लावा (वेस्टर्नला बरीच पातळ चालते). ब्लॉटवर एक पट्टा न दिसता वरपासून खालपर्यंत धूसर ओघळ दिसेल. तो बिघाड नाही, तसाच असतो. प्रमाण अ‍ॅक्टिनवर न काढता पॉन्सो या रंगानं दिसणाऱ्या एकूण प्रथिनावर काढा, कारण अ‍ॅक्टिनचा एमआरएनए खुद्द डेंड्राइटमध्ये जातो. लॉट पटला की त्याच नंबरचा वर्षभराचा माल एकदम राखून ठेवा आणि गोठवण्याआधी छोट्या अलिकॉटमध्ये वाटून घ्या.