मार खाणारा पोरगा मारणारा कसा होतो: तीन जपानी पिक्चर, त्यातला आधी कुठला बघायचा

जपानी शाळकरी पिक्चर बघायला लागलं की एक गोष्ट परत परत समोर येते. काल ज्या पोराला सगळ्यांनी मिळून छळलं तोच आज दुसऱ्या कुणाला तरी छळतोय, आणि आपल्याला कळत नाही की याची कीव करायची की याचा राग धरायचा. हाच धागा धरून बघायचं असेल तर तीन पिक्चर आहेत. शुन्जी इवाईचा 'ऑल अबाउट लिली शू-शू' (2001), तोशिआकी तोयोदाचा 'ब्लू स्प्रिंग' (तोही 2001 चा) आणि नाओको यामादा या बाईंनी केलेला ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, 'अ सायलेंट व्हॉइस' (2016). तिन्ही चांगले आहेत, पण तिन्ही सगळ्यांसाठी नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकते. एकच बघणार असाल तर 'अ सायलेंट व्हॉइस' बघा. पण 'चांगला मुलगा असा कसा झाला' हा प्रश्न तुमच्या मनातून जातच नसेल तर 'लिली शू-शू'ला पर्याय नाही, फक्त तो एकट्याने आणि धड मनःस्थितीत बघायचा.

आधी थोडं पार्श्वभूमीचं, कारण त्याशिवाय हे पिक्चर अर्धेच कळतात. आपल्याकडे हा विषय निघाला की डोक्यात रॅगिंग येतं, म्हणजे हॉस्टेल, सीनियर, ज्युनियर आणि 'आम्ही सोसलं, आता तुमची पाळी'. तिथे मार खाल्लेला पुढे मारतो याचा हिशोब सरळ असतो, एक वर्ष थांबायचं की आपोआप वरच्या पायरीवर. जपानी शाळेतला 'इजिमे', म्हणजे एकाला धरून चालणारा छळ, बहुतेक वेळा वर्गातल्या वर्गात चालतो. सगळे एकाच वयाचे, अख्खं वर्ष तीच खोली, तीच तीस-पस्तीस तोंडं, जेवणही बऱ्याचदा तिथेच आणि झाडलोटही सगळ्यांनी मिळून. त्यामुळे पायरी चढायला पुढचं वर्ष उजाडावं लागत नाही, एका सुट्टीत सगळं फिरू शकतं. योजी मोरिता नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी याचे चार थर सांगितलेत: ज्याला छळतात तो, छळणारे, हसत बघणारे आणि मान फिरवणारे. आणि हे थर पक्के नसतात. तिथल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संशोधन संस्थेने त्याच त्या मुलांना वर्षानुवर्षं विचारून बघितलं तेव्हा दिसलं की बहुतेक मुलं कधी ना कधी दोन्ही बाजूंना जाऊन येतात. या तीन पिक्चरमधली पोरं जी बाजू बदलतात ती कथेच्या सोयीसाठी बदलत नाहीत, हे मला त्यातून पटलं.

आता 'लिली शू-शू'. तोचिगी प्रांतातलं छोटं शहर, भोवती भातखाचरं, 1999 च्या आसपासचा काळ. होशिनो वर्गातला हुशार मुलगा, आणि हुशारीमुळेच बाकीच्यांच्या डोळ्यात खुपणारा. युइची त्याचा मित्र, दोघं केंदोच्या, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळायच्या खेळाच्या क्लबात. एका रात्री युइची होशिनोच्या घरी राहायला जातो, तिथे लिली शू-शू या गायिकेचं पोस्टर बघतो आणि तिच्या गाण्यांचा नाद त्याला तिथून लागतो. मग पोरांची ओकिनावाची सहल, ती सगळी हातातल्या घरगुती कॅमेऱ्याने घेतल्यासारखी, हलणारी, ऊन डोळ्यात जाणारी. तिथे होशिनो मरता मरता वाचतो. सुट्टी संपते, सप्टेंबर उजाडतो आणि पहिल्याच दिवशी होशिनो वर्गातल्या दादाला खाली खेचून त्याची सगळ्यांसमोर अब्रू काढतो, आणि त्या दिवसापासून दादा तोच.

का? पिक्चर सांगत नाही. घरचं काहीतरी बिघडलंय असं ओझरतं कानावर येतं, समुद्रातलं मरण जवळून बघितलंय हे आपण बघितलेलं असतं, आधीचा त्रास होताच. पण इवाई यातल्या कशावरही बोट ठेवत नाही, आणि याच गोष्टीसाठी मला हा पिक्चर तिघांत सगळ्यात खरा वाटतो. कारण एकदा कारण मिळालं की आपण सुटतो ना, 'असं झालं म्हणून तसा वागला' आणि विषय संपला. इथे तशी सुटका मिळत नाही, होशिनोच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं फक्त.

पण या विषयासाठी होशिनोपेक्षाही युइचीकडे जास्त बघा असं मी सांगेन. आता तो होशिनोच्या टोळीचा हरकाम्या आहे, मार खातो, चोऱ्या करतो. होशिनो त्सुदा नावाच्या मुलीला ब्लॅकमेल करून पैशासाठी पुरुषांकडे पाठवतो आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम युइचीला देतो. मग कुनो, पियानो वाजवणारी, युइचीला मनातून आवडणारी मुलगी. तिला बंद पडलेल्या कारखान्यापर्यंत घेऊन यायचं काम त्याचंच. तो आणतो. आत काय होणार हे त्याला माहीत असतं, तो बाहेर थांबतो आणि रडतो. मी हा प्रसंग बघितल्यानंतर बराच वेळ दुसरं काही बघू शकले नाही. त्याने स्वतः कुणाला हात लावलेला नाही, स्वतः रोज मार खातोय, आणि तरी तिला दारापर्यंत त्यानेच आणून सोडलं. छळलेला मुलगा छळणारा होतो तेव्हा दरवेळी तो होशिनोसारखा एका दिवसात पलटतो असं नाही, बऱ्याच वेळा तो युइचीसारखा घाबरत घाबरत, एकेक काम ऐकत तिथपर्यंत पोचतो. हे इतकं स्पष्ट दाखवणारा दुसरा पिक्चर मी तरी बघितलेला नाही.

अडचणी पण सांगायला हव्यात. पिक्चर जवळजवळ अडीच तासांचा आहे, काळ मागेपुढे उड्या मारतो, मधून मधून काळ्या पडद्यावर लिलीच्या फॅन लोकांचे मेसेज टाइप होत राहतात आणि ते वाचावेच लागतात, कारण त्या टोपणनावांमागे कोण आहे यावर शेवटचा भाग उभा आहे. फोनवर बघू नका, वाया जाईल. आणि लैंगिक हिंसा, आत्महत्या दोन्ही आहे, म्हणून घरातल्या शाळकरी मुलाला 'बघ, बुलिंगवर आहे' म्हणून हा लावून द्यायचा पिक्चर नव्हे.

'ब्लू स्प्रिंग' त्यामानाने सरळ आहे, 83 मिनिटांत संपतो. तायो मात्सुमोतोच्या मांगावरून, म्हणजे जपानी कॉमिकवरून केलेला, पोरांचं हायस्कूल, भिंती लिहून लिहून भरलेल्या, मास्तरांना कुणी विचारत नाही. दादा कोण हे ठरवायचा एक खेळ आहे. गच्चीच्या कठड्याच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं, हात सोडायचे, टाळ्या वाजवायच्या आणि पडायच्या आत परत कठडा पकडायचा, ज्याच्या टाळ्या जास्त तो दादा. कुजो आठ टाळ्या वाजवतो आणि शाळा त्याची होते, पण त्याला त्यात काडीचाही रस नसतो. आणि लहानपणापासून त्याच्या मागे मागे फिरणारा आओकी, त्याचा सगळा मान कुजोच्या नावावर चाललेला. कुजोने हात झटकल्यावर आओकीला कुणी हिंग लावूनही विचारत नाही. मग तो केस बदलतो, चाल बदलते, आणि कुजोने जे कधीच केलं नाही ते सगळं तो करायला लागतो, मारहाण, दहशत, शाळेच्या भिंती काळ्या रंगाने फासणं.

इथे कारण लख्ख दिसतं. पण एक फरक लक्षात ठेवा, आओकी हा छळलेला म्हणण्यापेक्षा डावललेला मुलगा आहे. त्याला मारायची हौस नाहीये, त्याला कुजोने एकदा वळून बघायला हवंय. म्हणून हा पिक्चर खरं तर मैत्रीबद्दल जास्त आणि इजिमेबद्दल कमी आहे. जे आहे ते मात्र जबरदस्त आहे, कुजो झालेल्या मात्सुदा र्‍यूहेइचा तो थंड चेहरा, थी मिशेल गन एलिफंट या बँडची कानठळ्या बसवणारी गाणी, आणि शाळेतल्या एका ठेंगण्या मास्तरांनी पोरांना दिलेली फुलझाडं, ज्यांना कुजो खरंच पाणी घालतो. रक्त आहे, संडासातला चाकूचा एक प्रसंग अंगावर येतो. मुली, घर, आईबाप जवळजवळ नाहीतच, त्यामुळे ही पोरं शाळेबाहेर कोण आहेत ते कळत नाही, मला ते कमी वाटलं. कॉलेजच्या मित्रांनी एकत्र बसून बघायला मात्र तिघांत हाच बरा.

'अ सायलेंट व्हॉइस' उलट्या टोकाने सुरू होतो. सहावीतला शोया इशिदा, वर्गात नवीन आलेली शोको निशिमिया, तिला ऐकू येत नाही. शोया तिची श्रवणयंत्रं ओढून काढतो, फेकतो, एकदा तिच्या कानातून रक्त येतं. वर्ग हसत असतो. मग तक्रार होते, हेडमास्तर वर्गात येतात आणि वर्गशिक्षक सगळ्यांसमोर शोयाकडे बोट दाखवतात. शोया म्हणतो की मी एकटा नव्हतो, बाकीच्यांची नावं घेतो, आणि त्या क्षणापासून वर्ग त्याच्यावर उलटतो. जिवलग मित्रच त्याला तळ्यात ढकलतात. मोरितांचे चारही थर या काही मिनिटांत दिसतात, आणि ज्या शिक्षकाने थांबवायचं तो एक बळी देऊन मोकळा होतो. ज्यांच्या घरी शाळकरी मुलं आहेत किंवा जे स्वतः शिकवतात त्यांनी एवढा तुकडा तरी बघावाच.

पुढे पाच वर्षांनी शोया हायस्कुलात आहे आणि कुणाच्या चेहऱ्याकडे बघू शकत नाही, पडद्यावर प्रत्येकाच्या तोंडावर निळी फुली दिसते. आईने त्या यंत्रांपायी 17 लाख येन भरले होते. तो काम करून तेवढे पैसे जमवतो, झोपलेल्या आईच्या उशाशी ठेवतो आणि जीव द्यायला निघतो. देत नाही. सकाळी आई पॅनकेक करताना हसत हसत विषय काढते, मग तिचा आवाज चढतो, ती त्या नोटांपुढे लायटर धरून त्याच्याकडून वचन घेते, आणि त्या गडबडीत पैसे खरंच पेटतात. हसू येतं आणि घसा पण दाटतो. बाकी दोन पिक्चरमध्ये अशी एकही मोठी व्यक्ती नाही जिला काय चाललंय ते माहीत आहे आणि जी पोराला धरून ठेवते. मला वाटतं इथला मुलगा वाचायची शक्यता त्यामुळेच उभी राहते.

पण हा पिक्चर गोड आहे असं समजू नका. पुलावरचा एक प्रसंग आहे, शोयाचं जुनं प्रकरण नव्या मित्रांपुढे उघडं पडतं आणि तो एकेकाला असं काही बोलतो की सगळे निघून जातात. हा मुलगा आधी छळणारा होता, मग छळला गेला, मग सुधारला, आणि कोंडीत सापडल्यावर परत तेच हत्यार हातात घेतो, फक्त या वेळी शब्दांचं. 'शिकला, बदलला, झालं' असं यामादाबाईंनी होऊ दिलेलं नाही याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. जुन्या वर्गातली उएनो नावाची मुलगी तर शेवटपर्यंत आपलं खरं करते. तक्रार एकच आहे, शोकोच्या मनात काय चाललंय ते कमी कळतं, ती फार वेळ माफी मागत राहते. सात खंडांच्या मूळ मांगात योशितोकी ओइमाने तिला आणि बाकीच्या मुलांना जास्त जागा दिलीय, म्हणून पिक्चर आवडला तर मांगा जरूर वाचा.

अजून नावं निघतील. 'कन्फेशन्स' (2010) मध्ये अख्खा वर्ग न्याय करतोय असं समजून एका गुन्हेगार मुलाला छळतो, गुण मोजून मोजून. ते बघण्यासारखं आहे, पण गोष्ट सूडाची आहे. 'लिव्हरलीफ' (2018) मध्ये मार खाणाऱ्या मुलीचं रूपांतर आहे, पण रक्त इतकं की विचार करायला उसंत मिळत नाही, मी तो कुणाला सुचवणार नाही. कोरेएदाचा 'मॉन्स्टर' (2023) मात्र लिहून ठेवा, त्यातली मुलं पाचवीची आहेत म्हणून इथे घेतला नाही, पण वर्गाने आपल्याकडे बघू नये म्हणून मित्राच्या छळात सामील होणारा मुलगा त्यात आहे.

तर ठरवायचं कसं? तुमच्यासोबत तेरा-चौदा वर्षांचं मूल बघणार असेल तर 'अ सायलेंट व्हॉइस', पण आधी स्वतः बघून घ्या, त्यात आत्महत्येचे दोन प्रसंग आहेत आणि मूल एकटं बघत असताना ते समोर येऊ नयेत. स्वतः शाळेत हे भोगलेलं असेल तरी आधी हाच, 'लिली शू-शू' नंतर कधीतरी, आणि नाही बघितला तरी चालेल, स्वतःला जबरदस्ती करू नका. शाळेत आपण कधी कुणाला छळलं होतं आणि ते आता आठवतं, टोचतं, असं असेल तर शोयाची गोष्ट जवळची वाटेल असं तुम्हाला वाटेल, पण मी म्हणेन युइचीला बघा, कारण आपल्यातले बरेच जण दादा नव्हतोच, आपण सांगितलेलं काम करणारे होतो. सिनेमा म्हणून सिनेमा बघणाऱ्यांनी 'ब्लू स्प्रिंग' आणि 'लिली शू-शू' लागोपाठ दोन रात्री बघावेत, एकाच वर्षातले दोन दिग्दर्शक, एक सगळं गच्चीवर आणून मांडतो आणि दुसरा भाताच्या हिरव्या शेतात कानाला हेडफोन लावून उभा करतो. आणि तिन्ही जपानी आवाजातच बघा, सबटायटल लावून, विशेषतः 'अ सायलेंट व्हॉइस', कारण शोको आवाज काढून बोलायचा प्रयत्न करते तेव्हाचे तिचे अर्धवट शब्द तिला आवाज देणाऱ्या साओरी हायामीने ज्या पद्धतीने म्हटलेत ते तुमच्या कानांनी ऐकायला हवेत.