छतावरचं सोलर की ग्रुप कॅप्टिव्ह? शिरोलीच्या फाउंड्रीचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावात इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) चालवणाऱ्यांनी पॅनेलचा दर नंतर विचारावा, आधी नियम वाचावेत.

छतावरचं सोलर सुटसुटीत. छप्पर आपलं, वीज जागेवरच, वहन आकाराची, म्हणजे ग्रिडच्या तारांतून वीज आणण्याच्या शुल्काची, भानगड नाही. पण केंद्राच्या 2021 च्या नियमांत नेट मीटरिंगला (जादा सौर वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेण्याची सोय) 500 किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी ती मर्यादा आहे. भट्टीची भूक त्याने भागत नाही. मशीन शॉपला मात्र हेच बरं.

ग्रुप कॅप्टिव्ह म्हणजे काही कारखान्यांनी भागीदारीत स्वतःच्या वापरासाठी घेतलेला वीजप्रकल्प. प्रकल्प दूरच्या माळावर, वीज ग्रिडमधून. वहन आकार भरावाच लागतो, पण क्रॉस सबसिडी अधिभार (सवलतीच्या दराच्या ग्राहकांची तूट भरून काढण्यासाठी बाहेरून वीज घेणाऱ्यावर लागणारा) माफ, आणि 2021 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अतिरिक्त अधिभारही (वितरण कंपनीच्या अडकलेल्या खर्चापोटीचा) नाही. खरी बचत इथेच. अट अशी: वापरणाऱ्यांची मालकी किमान 26 टक्के, तयार झालेल्या विजेपैकी त्यांचा वापर किमान 51 टक्के, आणि तपासणी दर आर्थिक वर्षाला. मंदीत ऑर्डरी आटल्या, भागीदारांची वितळण थांबली, 51 हुकले, की त्या वर्षाचा अधिभार मानगुटीवर. म्हणून भागीदार पारखूनच घ्या.

माझं मत, मोठ्या भट्टीला ग्रुप कॅप्टिव्हच. फक्त रात्रपाळी असेल तर दुपारचं युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतं का, हे वीज नियामक आयोगाच्या चालू आदेशात पाहूनच बँकेत जा.