मस्केटसोबत आठ महिने: मध्ययुगीन कल्पनाविश्वात बंदूक शोभते का?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून काल्पनिक पात्रे खेळवण्याच्या खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत बंदुका खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकात, ऐच्छिक नियम म्हणून, बाजूला ठेवल्या होत्या. 2024 मध्ये मस्केट (ठासणीची लांब बंदूक) आणि पिस्तूल थेट खेळाडूंच्या शस्त्रतक्त्यात आले. आमच्या गटात त्यावरून वाद झाला आणि अखेर माझ्या योद्ध्याच्या हाती मस्केट देऊन आठ महिने खेळून पाहायचे ठरले.

'मध्ययुगात बंदूक कुठली?' हा आक्षेप माझ्यापुरता लवकरच निकालात निघाला. ज्या अंगभर पोलादी चिलखताशिवाय या खेळातला सरदार शोभत नाही, ते पंधराव्या शतकाच्या सुरुवातीस घडले, आणि त्याच सुमारास बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) हुसाइट पंथाचे बंडखोर गाड्यांच्या तटबंदीआडून हातबंदुका झाडत होते. खेळाच्या त्याच शस्त्रतक्त्यातली रेपिअर ही सडपातळ तलवार तर सोळाव्या शतकातली; तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

खरी अडचण नियमांत आहे. मस्केटला 500 सुवर्णनाणी पडतात, नुकसान बारा बाजूंच्या एका फाशाचे आणि पल्ला 40 फुटांचा, त्यापुढे 120 पर्यंत नेम लागणे अवघड; लाँगबो (लांब धनुष्य) मात्र 50 नाण्यांत 150 फुटांवर नेम धरतो. पाचव्या पातळीवर योद्ध्याला एका फेरीत दोन वार मिळतात, पण मस्केटची गोळी एकच सुटते, म्हणजे सरासरी साडेसहा, तर दोन बाणांचे नऊ. हा अडसर दूर करणारे कौशल्य 2020 च्या पुरवणीत आहे. ते घेतले की एका फेरीत, म्हणजे सहा सेकंदांत, दोन बार निघू लागतात, आणि ठासणीच्या बंदुकीची ती निव्वळ थट्टा ठरते.

म्हणून तिसऱ्या महिन्यापासून आम्ही आमचाच नियम लावला: नुकसान दोन फाशांचे, पण पुन्हा ठासायला दोन पूर्ण फेऱ्या, आणि पावसात बंदूक निकामी. तेव्हापासून लढाईच्या तोंडाशी एक बार काढायचा, बंदूक टाकायची आणि तलवार उपसायची, अशी रीतच पडली. मला तरी यात पूर्वीपेक्षा अधिक मजा आली.

बंदुकीच्या दारूच्या पिंपाचे मात्र आम्हाला अजून जमलेले नाही. 2014 च्या नियमांत 250 नाण्यांचे पिंप दहा फुटांत सात षट्फलक फाशांचे नुकसान करते आणि जादूगाराचा अग्निगोल आठांचे, त्यामुळे बंद दार दिसले की सगळे पिंपाकडेच बघतात, आणि आमचा जादूगार दर वेळी रुसतो.