डी-७६ स्टॉक की १:१? घरी रोल धुताय तर हे बघा

एक रोल झकास आणि पुढचा एकदम फिका नाहीतर भडक, फिल्म तीच कॅमेरा तोच, असं होत असेल तर डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर फोटो उमटवणारं रसायन डी-७६, कसा वापरताय ते बघा. स्टॉक, म्हणजे पावडर विरघळवून केलेलं मूळ द्रावण, तसाच टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या बंद डब्यात) ओतून परत बाटलीत भरायचा, नाहीतर १:१, म्हणजे तेवढंच पाणी घालून एकदा वापरला की टाकून द्यायचा, हे दोन रस्ते.

स्टॉकवाले म्हणतात पैसे वाचतात. वाचतात, पण दर रोलला तो दमत जातो. डी-७६ चाच जुळा भाऊ आयडी-११, त्याला तो बनवणारी इलफर्ड कंपनी सांगते की लिटरभर स्टॉकमध्ये पहिल्यानंतर दर रोलला वेळ १० टक्के वाढवा, म्हणजे किती रोल झाले त्याच्या बाटलीवर रेघा मारत बसा, आणि ते कोण करतंय! १:१ मध्ये ३५ एमएमच्या एका रोलला ३०० मिली लागतं, त्यात स्टॉक १५० च, म्हणजे लिटरमागे सहा रोल निघतात की.

खरा फरक उन्हाळ्यात कळतो. एचपी५ या इलफर्डच्या ब्लॅक अँड व्हाईट फिल्मला २० डिग्रीला स्टॉकमध्ये साडेसात मिनिटं, १:१ मध्ये ११. पण मे महिन्यात साताऱ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे चहाच ठेवावा असं, माठातलं पाणी आणि बर्फ लावून कसंबसं २४ वर आणलं तर स्टॉकची वेळ पाचेक मिनिटांवर येते, आणि टँक ओतून काढताना अर्धा मिनिट इकडंतिकडं झालं की १० टक्के गेले, कॉन्ट्रास्ट बदललाच. १:१ मध्ये तिथंच साडेसात-आठ मिनिटं मिळतात, हात सावकाश चालतो.

मात्र कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटरच फसलं असेल तर दोन्हीतलं काहीच कामाचं नाही. सज्जनगडाचा काळा दगड फ्रेमभर घेतला तर मीटर जास्त उजेड देतं, कासला ढगाळ आभाळ मोठं आलं तर कमी. निगेटिव्हच्या कडेला कंपनीने छापलेले आकडे बघा, ते गडद आणि फोटो पातळ म्हणजे एक्सपोजर कमी पडलं, आकडेही फिके म्हणजे धुण्यात घोळ.

महिन्याला एखाददुसरा रोल असेल तर सरळ १:१ घ्या. गणपतीत पाच-सहा रोल काढून एकाच बैठकीत धुणार असाल तर स्टॉक चालेल, फक्त मोठा टँक घ्या आणि सगळे एकदमच घाला.