लॉजचं वायफाय: रिपीटर काढून ॲक्सेस पॉइंट बसवले, पावसाळा आणि नवरात्र उलटल्यानंतरचा अनुभव

केबलपासून सुरुवात करतो. उपकरणांचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, केबल कुठली टाकली हे कुणी विचारत नाही.

छताला लावायच्या ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या डब्याला, वीज आणि नेट एकाच लॅन केबलमधून मिळतं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा शेवटचा पॉइंट रात्री दहानंतर, म्हणजे गिऱ्हाईक जेवून खोलीत येऊन व्हिडिओ लावतं नेमक्या त्याच वेळी, आपोआप रिस्टार्ट व्हायचा. सर्व्हिस सेंटरचं एकच पालुपद: डिव्हाइस जमा करा, तपासून सांगतो. तोवर बदली देणार नाही. ऐन सीझनमध्ये मजला अंधारात ठेवायचा का, तर त्यावर उत्तर नाही. फोनवर फोन झाले, भांडणं झाली. शेवटी जिन्याजवळचा चांगला चालणारा पॉइंट काढून तिथे लावला, तर तोही तसाच पडायला लागला.

मग केबलचं टोक कापलं आणि आतली एक तार ब्लेडनं खरवडली. वरचा तांबूस थर निघाला, आत पांढरं ॲल्युमिनियम! “मालक, वायर नवी कोरी हाय, तिला काय धाड भरलीया?” म्हणणारा आमचा वायरमन ती तार हातात घेऊन बघतच राहिला. खोक्यावर ‘कॅट ६’ हा केबलचा दर्जा ठळक छापलेला होता. कॅट ६ केबल पूर्ण तांब्याचीच असावी लागते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपट भरतो. लांबी जास्त असली आणि पॉइंटवर लोड आला की टोकाला व्होल्टेज पुरत नाही, म्हणून तो बंद पडतो. दुकानदारानं उरलेलं बंडल परत घेतलं, भिंतीत गेलेल्या केबलचे पैसे बुडाले ते बुडालेच. शुद्ध तांब्याची केबल ओढल्यापासून तो पॉइंट एकदाही पडलेला नाही. तुम्ही केबल घेताना दुकानातच टोक खरवडून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

आता मूळ कहाणी. लॉज कोल्हापुरात, महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत. पुढचा भाग जुना, काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंतींचा, मागचा आरसीसी. काउंटरवर एक जुना राउटर आणि प्रत्येक मजल्यावर प्लगमध्ये खोचलेले रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल हवेतून घेऊन पुढे पाठवणारे डबे. असा साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्मा. एका रिपीटरवरून दुसऱ्यानं घेतलं की आणखी निम्मा. त्यात प्रत्येकाचं नाव वेगळं. मोबाईलवर पूर्ण दांड्या दिसायच्या आणि यूट्यूब नुसतं गोल फिरायचं.

नवे पॉइंट बसवल्यावर पहिले काही आठवडे माझं मत चांगलं नव्हतं. एवढा पैसा ओतून खालच्या दगडी खोल्यांत फरक जाणवेना. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल त्या भिंतीतून जातच नाही. पॉइंट खोलीच्या दारासमोर पॅसेजमध्ये सरकवला आणि सगळ्यांची पॉवर ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणली तेव्हा बदल झाला. पॉवर जास्त ठेवली की मोबाईल लांबच्या पॉइंटला चिकटून राहतो, जवळचा पकडत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलवर चॅनल १, ६ आणि ११ हेच हातानं वाटून दिले. या तिघांखेरीज चौथा चॅनल दिला की तो शेजारच्यावर चढतो.

मत खरं बदललं ते नवरात्रात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या कुटुंबांनी लॉज भरलेला, एकेका खोलीत पाच-सहा मोबाईल. जुन्या राउटरवर अशा दिवसांत “मालक, नेट लागंना की” हे रोजचं होतं, लाइनचा वेग बरा असूनही. नेटला जोडायला प्रत्येक मोबाईलला राउटरकडून एक आयपी पत्ता लागतो; आमच्या राउटरकडे वाटायला पत्तेच मोजके, आणि सकाळी खोली सोडून गेलेल्यांचे पत्तेही तो २४ तास अडवून ठेवायचा. नव्या माणसाच्या मोबाईलवर ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ एवढंच दिसत राहायचं. नव्या सेटिंगमध्ये पत्ता अडवायची मुदत दोन तासांवर आणली, पत्त्यांची संख्या वाढवली आणि गिऱ्हाइकांचं नेटवर्क काउंटरच्या प्रिंटर-कॅमेऱ्यांपासून वेगळं केलं. संपूर्ण नवरात्रात त्या कारणानं काउंटरवर कुणी आलं नाही.

दुसरा आनंद लाइट गेल्यावरचा. पावसात लाइट ये-जा करते. इन्व्हर्टरवर जातानाच्या क्षणभराच्या झटक्यात राउटर आणि रिपीटर सगळे रिस्टार्ट व्हायचे, आणि पुन्हा जुळायला बराच वेळ घ्यायचे. आता पॉइंटना केबलमधून वीज देणारा स्विच, फायबरचा मोडेम आणि राउटर एका छोट्या यूपीएसवर काउंटरखाली आहेत. त्यामुळे वरच्या मजल्यावरचा पॉइंटही चालूच राहतो. पाहुण्याचा चालू व्हिडिओ कॉल तुटत नाही. एवढ्यासाठी मी पूर्ण खर्च पुन्हा करीन.

तक्रार एक शिल्लक आहे. पॉइंट सांभाळायचं ॲप दर थोड्या दिवसांनी अपडेट मागतं आणि अपडेट भरदुपारी सुरू होतो. वेळ पहाटे तीनची लावून घ्या.

जुने रिपीटर भंगारात गेले. जुना राउटर मात्र ठेवला: त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद केलं, केबल बाहेरचं नेट घेणाऱ्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये घातली, आणि स्वयंपाकघरामागच्या स्टाफच्या खोलीत तो ॲक्सेस पॉइंट म्हणून उत्तम चालतोय. किरणोत्सवाच्या, म्हणजे मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या दिवसांच्या, गर्दीआधी तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांसाठी अजून एक केबल ओढायची आहे, बंडल आणून ठेवलंय, टोक खरवडून बघूनच.