सोलर, हायड्रोजन आणि फ्युएल सेल: नऊ महिने वापरल्यानंतर

आमचं घर ग्रीडवर नाही. छपरावर ३.२ किलोवॅटचे पॅनल, खाली १० युनिटांची लिथियम बॅटरी, आणि गेल्या नऊ महिन्यांपासून त्यांच्या जोडीला पाण्यातून हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर, तो धातूत मुरवून साठवणाऱ्या मेटल हायड्राइडच्या टाक्या आणि त्याची पुन्हा वीज करणारा ५०० वॅटचा फ्युएल सेल. हे सगळं आणलं ते आईसाठी. तिला रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. तो ३०० वॅटच्या आसपास वीज घेतो, आणि चार-पाच दिवस ढग हटले नाहीत की तिसऱ्या रात्री बॅटरी तळाला जाते. पूर्वी अशा वेळी डिझेल जनरेटर लावायचो. जिला श्वासाचा त्रास, तिच्याच खिडकीखाली धूर. मला ते बघवत नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा आधीच सांगते. टाक्या पूर्ण भरल्या की त्यांत साधारण १ किलो हायड्रोजन मावतो. तेवढा तयार करायला इलेक्ट्रोलायझर ५५ युनिट खातो, आणि त्यातून फ्युएल सेल मला १५ युनिट परत देतो. जवळजवळ चार घालायचे तेव्हा एक मिळतो. बॅटरीत दहा घातले तर नऊ परत येतात. यात माझ्या मशिनचा दोष थोडा, निसर्गाचा जास्त. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, तिच्यातली निम्मी फार तर विजेच्या रूपाने निघते, बाकीची उष्णता होते. शिवाय पंप, पंखे, कंट्रोलर यांचा वाटा असतोच. रोजच्या रात्रीसाठी कोणी हायड्रोजन घ्यायचा म्हणत असेल तर मी स्पष्ट सांगते, घेऊ नका. तेच पैसे बॅटरीत घाला.

मग मी का खूश आहे? आमच्याकडे ऊन असेल त्या दिवशी दुपारी एकपर्यंत बॅटरी भरते आणि पुढची वीज सोलरचा कंट्रोलर अडवून धरतो, ती वापरलीच जात नाही. इलेक्ट्रोलायझर मी फक्त त्या विजेवर चालवते. तो तासाला एक युनिट घेतो, म्हणजे टाक्या भरायला उन्हाच्या वीसेक दुपारी लागतात. एकदा भरल्या की महिनाभर हात लावला नाही तरी दाबाचा काटा जागचा हलत नाही. नऊ महिन्यांत बॅटरीने आम्हाला १,३०० युनिटांच्या वर वीज पुरवली, फ्युएल सेलने अवघी ६३. पण ती ६३ युनिटं ज्या रात्री आली त्या रात्री घरात दुसरी वीजच नव्हती.

जोडणीबद्दल एक सल्ला. फ्युएल सेलवर थेट घर चालवू नका. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका बसतो तो त्याला सोसत नाही. आमच्याकडे बॅटरी २० टक्क्यांवर आली की तो आपोआप सुरू होतो आणि संथपणे ३०० वॅटने बॅटरी भरत राहतो. झटके बॅटरी झेलते.

आता टाक्यांविषयी, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिथेच गुंतला. आमच्या टाक्यांत लँथनम आणि निकेलचा मिश्रधातू आहे. हायड्रोजन त्याच्या कणाकणांत शिरून बसतो. दाब कमी राहतो म्हणून घराजवळ ठेवायला मला हाच प्रकार पटला, पण वजन भयंकर. एका किलो वायूसाठी शंभर किलोंच्या वर लोखंड आणि धातू. भरताना टाक्या तापतात, आणि तापल्या की वायू घेईनाशा होतात. पहिले काही दिवस मला वाटलं इलेक्ट्रोलायझरच बिघडलाय. टाक्या पाण्याच्या टबात उभ्या केल्या तेव्हा भरणं सुरळीत झालं, आणि संध्याकाळी टबातलं पाणी चक्क कोमट लागलं.

रिकाम्या होताना नेमकं उलटं. पहिल्याच लांब ढगाळीत पहाटे तीनला अलार्म वाजला. जाऊन बघते तर टाक्यांवर दव जमलेलं, हात लावला तर बर्फासारख्या गार, आणि दाब इतका पडलेला की फ्युएल सेलने स्वतःला बंद करून घेतलेलं. आत हायड्रोजन निम्म्याहून जास्त होता! बाहेर पडायला त्याला ऊब लागते, आणि तीच संपली होती. बॅटरीत थोडी वीज शिल्लक होती म्हणून आईचं मशिन थांबलं नाही, पण ती रात्र मी टाक्यांवर गरम पाणी ओतण्यात काढली. एक किलो हायड्रोजन सोडवायला सुमारे ४ युनिट उष्णता लागते. आणि शेजारीच फ्युएल सेल त्याच्या कितीतरी पट उष्णता पंख्याने बाहेर फेकत होता. दुसऱ्या दिवशी मुलाने पत्र्याचा डक्ट करून ती गरम हवा टाक्यांवर वळवली. त्यानंतर हा त्रास एकदाही झाला नाही. विकत घेताना हे कोणी सांगितलं नव्हतं, मॅन्युअलमध्येही एक ओळ नव्हती, याचा मला राग आहे.

इलेक्ट्रोलायझरला पाणी साधं चालत नाही. पिण्याचं फिल्टरचं पाणी आपल्याला स्वच्छ वाटतं, पण त्यातले क्षार आतल्या मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे पातळ पडद्यात, जाऊन बसतात. डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणीच हवं. हिशेबाने एका किलोला ९ लिटर लागतात, माझ्याकडे ११ च्या आसपास जातात.

फ्युएल सेल वापराविना ठेवू नका. मी मध्यंतरी सहा आठवडे तो सुरूच केला नाही. नंतर लावला तर व्होल्टेज पडलेलं, कारण त्याच्या आतलं मेम्ब्रेन कोरडं झालं होतं. हळूहळू लोड वाढवत-कमी करत दोन तास चालवल्यावर तो पूर्वपदावर आला. आता दर पंधरवड्याला अर्धा तास चालवते.

सुरक्षेत हयगय नको. हायड्रोजनला वास नाही, ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, आणि हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेऊ शकतो. तो झपाट्याने वर जातो, म्हणून सेन्सर छताला लावायचा आणि छताखाली वायू कोंडेल असा कोपरा ठेवायचा नाही. आमचं सगळं घराबाहेर उघड्या शेडमध्ये आहे. दर महिन्याला सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघते. एकदा आले, एका नटाला पाव फेरा दिल्यावर थांबले.

विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये फ्युएल सेलचं मूळ तत्त्व दाखवलं. अपोलो यानांतले अंतराळवीर तर फ्युएल सेलमधून निघालेलं पाणीच प्यायचे. आमच्याकडे त्याची वाफ डक्टच्या तोंडाशी दिसते, आणि थंड पहाटे तिथे थेंब धरतात. धूर नाही. पंख्याची घरघर आणि अधूनमधून साचलेला वायू-पाणी बाहेर सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा ‘फुस्स’, एवढाच आवाज. पहिल्या रात्रीनंतर सकाळी आईने विचारलं, ‘रात्री जनरेटर लावलाच नाहीस का गं?’

जनरेटर अजून काढलेला नाही. सलग आठवडाभर ऊन आलं नाही तर १५ युनिट पुरणार नाहीत, हे मी धरून चालते. टाक्यांचा दुसरा संच घ्यायचा विचार आहे. तोवर महिन्यातून एकदा जनरेटर दहा मिनिटं चालवून बघते, आई पलीकडच्या खोलीत असताना.