खांडा काढतो म्हणून वस्तरा नेला, आणि पात्याचं पाणी घालवून परत दिला

वस्तरा दुरुस्तीसाठी कुरिअरने पाठवायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा. माझे पंधराशे रुपये गेले ते गेलेच, पण जे पातं गेलं ते कुठल्याच किमतीला परत मिळणारं नाही.

आमच्या आप्पांचं कराडला सलून होतं. गिऱ्हाइकासाठी बदलायच्या पात्याचे वस्तरे आले तेव्हा त्यांनी आपला जुना, जर्मनीतल्या सोलिंगेन गावचा वस्तरा घरी आणला. पुढे मी त्यानेच दाढी करू लागलो. घर बदलताना तो पेटीतून निसटून फरशीवर पडला आणि धारेला खांडा पडला. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल, पण गालावर रक्त काढायला तेवढा पुरतो. धारेला रोज चामड्याचा पट्टा मारणं मला येतं. खांडा काढणं वेगळं काम आहे, आणि आप्पांची नजर आता त्याला चालत नाही.

हे काम खरं कसं होतं ते सांगतो, कारण फसवणूक तिथेच झाली. वस्तऱ्याची पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवून पातं पुढेमागे सरकवायचं. धारेचा कोन पाठच ठरवते. आधी 1000 ग्रिटचा दगड (आकडा मोठा तितका दगड बारीक), वर भरपूर पाणी. आजूबाजूची सगळी धार खांड्याच्या तळापर्यंत झिजेस्तोवर तिथून हलायचं नाही. मग 4000, 8000, शेवटी 12000, आणि चामड्याचा पट्टा. काही कारागीर सुरुवातीला पातं दगडावर उभं धरून धार बोथट करतात आणि खांडा गेला की नव्याने कोन बसवतात. तीही रीत योग्यच. दोन्हींत घाई नाही आणि दोन्हींत पातं गरम होत नाही.

समाजमाध्यमावर एक जण 'फक्त दगडावर, फक्त हाताने' अशी जाहिरात करत होता. मी फोनवर स्पष्ट विचारलं, मशीन लावणार नाही ना? तो म्हणाला, "साहेब, मशीनला मी हातसुद्धा लावत नाही." नऊशे रुपये आगाऊ घेतले. वस्तरा पोचल्यावर "खांडा आत चिरत गेलाय, जादा काम आहे" म्हणून आणखी सहाशे घेतले. कामाचा व्हिडिओ मागितला तर आला तो दुसऱ्याच वस्तऱ्याचा. आमच्या मुठीचा एक कोपरा तुटलेला आहे, त्यातली मूठ धडधाकट होती. विचारलं तर "ते सॅम्पल होतं" असं उत्तर.

परत आलेलं पातं आरशासारखं चमकत होतं. पहिली दाढी बरी झाली, दुसऱ्या वेळी केस ओढले जाऊ लागले. आप्पांनी अंगठ्याच्या पेरावर धार अलगद लावून पाहिली आणि म्हणाले, "अरे, ह्याचं पाणी गेलंय. चाकावर धरलंय ह्यानं." पाणी म्हणजे पोलादाचा कठीणपणा, आणि चाक म्हणजे धार लावायचं मशीन.

त्यांचं म्हणणं मी तपासून घेतलं. दहापट भिंगाखाली धार एका बाजूला वळलेली दिसली. मुठीकडच्या टोकाला, जिथे चकाकी आणणारं बफचं चाक पोचत नाही त्या खाचेत, निळसर तपकिरी छटा राहिली होती. कार्बन स्टील साधारण 220 अंशांना पिवळसर होतं आणि 300 अंशांच्या आसपास निळं. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की कोरड्या चाकावर ती क्षणात तिथवर तापते. पोलाद तेवढं तापलं की मऊ पडतं. मग ते पाण्यात बुडवा नाहीतर घासून रंग काढा, कठीणपणा परत येत नाही. ओळखीच्या डायमेकरने, म्हणजे पोलादी साचे बनवणाऱ्या कारागिराने, धारेजवळ बारीक कानस फिरवली, ती पोलादात रुतली. पाठीवर तीच कानस नुसती घसरत होती.

दुसरा पुरावा मापाचा. पाठवण्याआधी मी व्हर्नियर मापक लावून फोटो काढले होते, पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी 19 मिलिमीटर. परत आलं तेव्हा 17. अर्ध्या मिलिमीटरच्या खांड्यासाठी दोन मिलिमीटर पोलाद उडवलं, आणि पाठ होती तेवढीच जाड ठेवली. आमच्या पात्याची पाठ साडेपाच मिलिमीटर आहे. म्हणजे साडेसोळा अंशांचा कोन साडेअठरांवर गेला. पोलाद शाबूत असतं तरी ती धार पूर्वीसारखी चालली नसती. बफ मारताना 'सोलिंगेन' हा शिक्काही अर्धा पुसून टाकला, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. 1938 पासून जर्मनीत हे नाव कायद्याने राखलेलं आहे, आणि जुन्या वस्तऱ्याची ओळख त्या शिक्क्यावरच असते.

जाब विचारल्यावर "जुनं स्टील असंच असतं" एवढं बोलून त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

प्रामाणिकपणे दगडावर काम करणारे लोक आहेत आणि ते ओळखू येतात. खांडा किती खोल आहे, रुंदी किती कमी होईल, हे ते काम घेण्याआधीच सांगतात. खांडा फार खोल असेल तर नाही म्हणतात. तुमच्याच पात्याचा, खांडा अर्धा गेलेला असतानाचा फोटो त्यांच्याकडे मागा. दगडावर काम करणाऱ्याला तो द्यायला अडचण नसते, कारण तो मधूनमधून भिंगातून पाहतच असतो. वस्तरा हातात आला की चकाकीकडे पाहू नका, खाचा आणि कोपरे पाहा. देण्याआधी रुंदीचा, शिक्क्याचा आणि मुठीचा फोटो काढून ठेवा, आणि 'मशीन लावणार नाही' हे लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवरचं चालतं.

माझ्याकडे पाठवण्याआधीचे फोटो होते, म्हणून मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. डायमेकरने कानशीच्या चाचणीबद्दल सही करून लिहून दिलंय, ते अर्जाला जोडतोय.